काडेपेटी जनरल

पुण्यातल्या कुठल्याही सभेत दीपप्रज्वलन म्हणजे एक शोधमोहीम असते. समई असते, समईत तेल असतं, वाती घरून वळून आणलेल्या असतात. सोनेरी रिबीन बांधलेली मेणबत्ती असते, तिला हात लावायला पाच मान्यवर अर्धवर्तुळात उभे असतात आणि निवेदिका अर्धा श्लोक म्हणून थांबलेली असते. नसते ती फक्त काडेपेटी. मग अध्यक्ष सभागृहाकडे बघतात आणि सभागृह एकमेकांकडे बघतं. काडेपेटी खिशात असणं म्हणजे सिगारेट ओढणं, आणि सदाशिव पेठेत सिगारेट कोणी ओढत नाही, निदान ओळखीच्या माणसांसमोर. अखेर मागच्या रांगेतून एक लायटर हातोहात पुढे येतो. तो कोणाचा हे कोणी विचारत नाही आणि कार्यक्रमानंतर मालकही तो मागायला येत नाही.

हा प्रकार मी आयुष्यभर तिसऱ्या रांगेत बसून पाहत आलो आहे. बाकीचे लोक गालात हसतात. मी हसत नाही, कारण मला दर वेळी एक माणूस आठवतो. त्या माणसाचं मी एकदा हसं केलं होतं.

मी कॅम्पातल्या एका लष्करी कचेरीत मुलकी कारकून होतो. मुलकी म्हणजे गणवेश नसलेला. सकाळी डबा घेऊन स्कूटरवरून युद्धखात्यात जायचं, संध्याकाळी कोथिंबीर घेऊन घरी यायचं, अशी माझी देशसेवा. या कचेरीचे प्रमुख जनरल होते. खरेखुरे, छातीवर फिती असलेले. पण जनरल म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. उंची बेताची, आवाज बेताचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मूळचे अमरावतीकडचे. वडील रेल्वेत मालबाबू होते आणि मुलाने वारसा म्हणून त्यांची एकच सवय उचलली होती: गाडी सुटण्याआधी डब्यात काय आहे हे सगळे बघतात, काय नाही ते आपण बघायचं.

आमची त्यामुळे मोठी निराशा झाली होती. लहानपणापासून आम्ही सेनापती पाहिला तो घोड्यावर. कॅलेंडरात घोड्यावर, पुस्तकात घोड्यावर, चौकातही घोड्यावर. त्या घोड्याला चंदी कोण घालतं हा प्रश्न पुस्तकात नव्हता, म्हणून परीक्षेत नव्हता, म्हणून आयुष्यातही नव्हता. आणि आमच्या नशिबी आलेला सेनापती टेबलावर नकाशाऐवजी याद्या पसरून बसायचा.

पंचवीसेक वर्षांपूर्वी उत्तरेला डोंगरात लढाई सुरू झाली. लढाई आमच्यापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर होती, पण तिला लागणाऱ्या बऱ्याच सामानाचे कागद आमच्या कचेरीतून जात. रोज सकाळी आठला बैठक भरायची आणि मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायचो. बैठकीत एक ब्रिगेडियर होते. भरदार मिशा, भरदार आवाज, हातात छडी. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हौसेने एक नकाशा लावला होता आणि त्यावर लाल कागदाचे बाण चिकटवले होते. रोज ते एखादा बाण थोडा पुढे सरकवायचे. त्या बाणांचा आमच्या कामाशी काही संबंध नव्हता. तरी ते सरकले की मलाही अंगावर रोमांच यायचे, हे कबूल करतो.

एका सकाळी जनरलसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवलं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगतो.

"स्टोव्ह गेले?"

"गेले, सर."

"रॉकेल?"

"गेलं, सर."

"डाळ, तांदूळ?"

"सगळं रवाना झालं, सर."

"काडेपेट्या?"

ब्रिगेडियर हसले. "त्या तिकडे कुठेही मिळतील, सर."

"त्या उंचीवर दुकान कोणाचं आहे?" साहेबांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. खरंच एखादं असेल तर त्यांना नाव हवं होतं.

मग पुढची चाळीस मिनिटं एक जनरल, एक ब्रिगेडियर आणि चार कर्नल काडेपेटी या विषयावर बोलत होते. ओलावा लागला तर काय, पेटी दबली तर काय, मेणकागदात गुंडाळली तर किती टिकेल. शेवटी साहेबांनी ड्रॉवरमधून लोकरीचा जाड हातमोजा काढला, उजव्या हातात घातला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत काडी ओढली. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरी पेटली आणि तिने मोज्याचा अंगठा थोडा जाळला.

"तीनला एक," साहेब म्हणाले. "हिशोबाच्या तिप्पट पाठवा. मेणकागदात. स्टोव्हबरोबर वेगळ्या, आणि प्रत्येक माणसाच्या खिशात एक."

ब्रिगेडियरांनी छताकडे पाहिलं. मी मान खाली घालून टिपण लिहिलं. मनात म्हटलं, तिकडे पोरं जिवावर उदार होऊन कडे चढताहेत आणि आमचे सेनापती पुण्यात बसून काड्या ओढताहेत.

त्याच दुपारी कँटीनमध्ये मी तो प्रसंग गरमागरम वाढला. हाताला रुमाल गुंडाळला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, साहेबांच्या त्या बेताच्या आवाजात "त्या उंचीवर दुकान कोणाचं आहे?" म्हटलं आणि एकेक काडी मोडून दाखवली. लोक पोट धरून हसले. शेवटी मी नाव जाहीर केलं: काडेपेटी जनरल. नावं ठेवण्यात आम्ही पेठेतली माणसं पिढीजात तरबेज. काम करायला आम्हाला वेळ लागतो, नाव ठेवायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फर्माईश झाली. तिसऱ्या दिवशीही झाली. त्याच आठवड्यात स्टेशनवर माल नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांची जेवणाची वेळ बदलून आमच्याबरोबर झाली, त्यामुळे मला श्रोत्यांचा तोटा उरला नाही. मी रोज थोडी भर घालायचो. ड्रायव्हरांनी ते नाव स्टेशनवर नेलं, स्टेशनवरून ते मालाबरोबर उत्तरेला गेलं, आणि आठवड्याभरात तिकडून फोनवर बोलणारा एक अधिकारी आमच्या स्टेनोला हसत म्हणाला, "काय म्हणताहेत तुमचे काडेपेटी जनरल?" मी त्या काळात कविता करायचो. माझी एकही कविता सदाशिव पेठ ओलांडून गेली नव्हती आणि हे माझं दोन शब्दांचं वाङ्मय थेट सीमेवर पोचलं होतं. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी घरी जाताना मी कोथिंबीर विसरलो.

लढाई संपली. पेढे वाटले गेले. पुढे साल-दीड सालात वरच्या एका मोठ्या जागेसाठी साहेबांचं नाव चर्चेत आलं आणि मागे पडलं. दिल्लीला बदलून गेलेल्या एका स्टेनोने मला सांगितलं की बैठकीत त्यांचं नाव निघताच कोणीतरी म्हणालं, "ते काडेपेटीवाले?" आणि सगळे हसले. हसून झाल्यावर दुसरं नाव पुढे आलं. हे खरं की कचेरीतली कंडी, मला कधी कळलं नाही. कळून घ्यायची हिंमतही झाली नाही. साहेब आमच्याच कचेरीतून निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला मी त्यांच्या समोर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या मुलीच्या दहावीची चौकशी केली. मला लाज वाटली. ती अजून वाटते.

बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन माफी मागा. टोमणा मारायला तुम्ही येरवड्यापर्यंत चालत जाल, माफीला मात्र तुम्हाला मुहूर्त लागतो." साहेब येरवड्यालाच राहत होते, म्हणून तिला ते गाव सुचलं. मी मुहूर्त शोधत राहिलो. वीस-बावीस वर्षं सापडला नाही.

ब्रिगेडियर निवृत्तीनंतर व्याख्याते झाले. तोच नकाशा, तेच बाण, आता पडद्यावर आणि हलणारे. शहरातलं एक मंडळ, एक संघ, एक कट्टा त्यांनी सोडला नसेल. ते खोटं बोलायचे असं मी म्हणणार नाही. ते फक्त "आम्ही" म्हणायचे. "आम्ही पहाटे कडा चढलो." ज्या पहाटे हा कडा चढला गेला त्या सकाळी ते माझ्यासमोर बसून ढोकळा खात होते, टिपणात वेळ आहे. पण आम्ही म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न एरवी दूधवाल्यालाही विचारणारे पुणेकर मिशांसमोर विचारत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने व्याख्यानमालेला विषय घेतला, 'सेनापती'. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण बोलत राहायचं ही धंद्याची सवय त्यांनी अध्यक्षपदावरही चालू ठेवली आहे. दोन दिवस ब्रिगेडियर बोलणार होते. तिसऱ्या दिवशी एका सेनापतीचा सत्कार करावा असं ठरलं, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की ब्रिगेडियर म्हणजे जनरल नव्हे. पत्रिकेवर जनरल पाहिजे.

"तुमचे ते जनरल हयात आहेत का?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"आहेत."

"चालतात?"

"स्वतः चालतात."

"मग करून टाकू सत्कार."

निकष एवढेच होते. मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी नाही म्हणत नाही. खरं तर लिहायचंही काही नव्हतं. लष्करी माणसासाठी मंडळाचं एक मानपत्र ठरलेलं आहे, फक्त नाव बदलायचं. त्यात रणांगण आहे, सिंहाची झेप आहे, शत्रूच्या उरात भरलेली धडकी आहे. मागच्या खेपेला ते लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका गृहस्थांना दिलं होतं. ते ऐकताना त्यांच्याच उरात धडकी भरली होती.

मी येरवड्याला साहेबांकडे गेलो. येरवड्याला कोणाला भेटायला चाललोय म्हटलं की पेठेत अजून एकच प्रश्न येतो, "किती वर्षांची झाली?" ब्याऐंशी वर्षांची, असं मी सांगितलं. दार साहेबांनीच उघडलं. चष्मा अजून दोरीतच होता.

मनात मी वाक्य तयार करून गेलो होतो: साहेब, ते नाव मी ठेवलं होतं, मला क्षमा करा. जिन्यात तीनदा म्हणूनही पाहिलं. पण साहेबांनी बसायच्या आत विचारलं, "सभागृह कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"आहे. बहुधा बंद असते."

"येणाऱ्यांचं वय?"

"सत्तरच्या पुढेच सगळे."

"स्वच्छतागृह?"

"तळमजल्यावर."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, "मग भाषणं पाऊण तासात आटपा. त्यापुढे तुमचे लोक ऐकत नसतील, अंदाज घेत असतील."

मी ठरलेलं मानपत्र वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. धडकीपाशी त्यांनी हात वर केला.

"शत्रूने मला कधी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "तो मला घाबरला असेल तर काहीतरी गैरसमज झाला असणार."

"मग काय लिहू, साहेब?"

"मी काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. टिपणं तुम्हीच घेत होता."

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं, घसा खाकरला, आणि साहेब म्हणाले, "चहात साखर चालते का तुम्हाला?" मी म्हटलं, चालते. चहा झाला, मी उठलो, आणि माझं वाक्य माझ्याबरोबरच जिना उतरलं.

घरी येऊन मी खरं मानपत्र लिहिलं. रात्री जागून वगैरे नव्हे, दुपारी जेवून, एका बैठकीत. त्यात बुटांचे अर्धे नंबर होते, कारण पाय पूर्ण नंबरातच वाढतात असं कोणी जवानांना सांगितलेलं नव्हतं. ओले मोजे बदलायला दुसरा जोड होता. घरच्या पत्रांच्या पिशव्या भाजीच्या गाडीतून गेल्या हे होतं, कारण भाजी रोज जाते. आणि तीनला एक काडी होती. लिहिताना मला कळलं की हे सगळं मी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एकदा लिहिलेलं आहे, आणि तेव्हा एक अक्षरही वाचलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "हे मानपत्र आहे का वाण्याची यादी?"

"जे होतं ते लिहिलंय."

"शौर्य कुठे आहे?"

"नाही."

"थोडं घाला. फोडणीपुरतं." मग ते मला समजावू लागले, जसं दाढ काढण्याआधी समजावतात. "अहो, लोक येतात स्फुरण चढायला. मोज्यांनी कोणाला स्फुरण चढतं? शिवाय ठरलेलं मानपत्र फ्रेम करून आलंसुद्धा. तुम्ही तेच वाचा."

मी "बरं" म्हटलं. पस्तीस वर्षं नोकरीत मी उत्तम काय केलं असेल तर बरं म्हटलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कुठलं वाचणार?" मी दोन्ही कागद कोटाच्या खिशात ठेवले आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, बघू.

तिसरा दिवस उजाडला. संध्याकाळी साडेपाचला सभागृह भरलं. व्यासपीठावर अध्यक्ष, ब्रिगेडियर आणि मधल्या खुर्चीत साहेब. समई आली. निवेदिकेने अर्धा श्लोक म्हटला आणि थांबली. अध्यक्षांनी टेबलाखाली पाहिलं, फुलांच्या परडीत पाहिलं, मग सवयीने सभागृहाकडे पाहिलं. सज्जन लोक एकमेकांकडे बघू लागले.

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मेणकागदाची एक लहानशी पुडी काढली. ती सावकाश उलगडली, कागदाची घडी करून पुन्हा खिशात ठेवली, काडी ओढली आणि समई लावली. एकाच काडीत. सभागृह हसलं.

ब्रिगेडियरांना ध्वनिक्षेपक जवळच होता. "आमच्या कचेरीत यांना काय म्हणायचे माहिती आहे?" ते भरदार आवाजात म्हणाले. "काडेपेटी जनरल."

सभागृह आणखी मोठ्याने हसलं. माझं पोर पंचवीस वर्षांनी भर सभेत माझ्यासमोर नाचत होतं आणि ज्या माणसाला त्याने चावलं होतं तो मधल्या खुर्चीत बसून समईची वात सारखी करत होता. मी उठून काही बोलायला हवं होतं. मी बसून राहिलो.

उठला तो मागच्या रांगेतला एक माणूस. साठीचा, पांढरा सदरा, टोपी, सरळ पाठ. हडपसरच्या पलीकडून आलेला निवृत्त हवालदार, हे त्याने स्वतःच सांगितलं.

"हसायचं काम न्हाई," तो म्हणाला. "मी वर व्हतो तवा. आमच्या ठाण्यावर आमी अकरा जण. तीन दिवस खालनं कुणाला येता येईना. बर्फ वितळवून पानी प्यालो, भात शिजवला. समद्यांच्या खिशात काडेपेटी व्हती, मेणकागदात. आमी म्हणायचो, काडेपेटी जनरलनं धाडली. ती काय शिवी न्हाई." मग त्याने पडद्याकडे पाहिलं. त्यावर ब्रिगेडियरांचा कालचा लाल बाण अजून थबकलेला होता. "ह्यो बाण मातुर आमच्याकडं काय आला न्हाई."

तो खाली बसला. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईने माझ्याकडे पाहिलं आणि मानपत्राची खूण केली.

मी उठलो तेव्हा खिशातून कुठला कागद निघेल हे मी ठरवलं होतं असं म्हणायला मला आवडेल. खरं असं की सिंहाच्या झेपेचा कागद हाताला आधी लागला आणि हवालदार माझ्याकडे बघत होता. मी तो परत खिशात सरकवला आणि दुसरा काढला. वाचू लागलो. बुटांचे नंबर, मोजे, भाजीच्या गाडीतली पत्रं. अध्यक्ष दोनदा खाकरले. तीनला एक काडीपाशी पोचलो तेव्हा सभागृहात कोणी खोकत नव्हतं, कोणी घड्याळ बघत नव्हतं, आणि लिफ्ट बंद असूनही कोणी उठलं नव्हतं. पुण्यात याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही.

मग अध्यक्षांनी फ्रेम पुढे केली. साहेबांनी चष्मा लावला आणि ती आख्खी वाचली, सगळे फोटोसाठी ताटकळत असताना. वाचून झाल्यावर त्यांनी ती अध्यक्षांच्या हातात परत दिली. "पत्ता चुकलाय," ते सौजन्याने म्हणाले. "चुकीच्या पत्त्यावर आलेला माल परत पाठवायचा असतो. मला तो हाताने लिहिलेला कागद द्या."

कार्यक्रम पाऊण तासात संपला. साहेब जिना उतरताना मध्ये थांबून हवालदाराशी दोन मिनिटं बोलले. मी त्यांना सोडायला खाली गेलो. गाडी यायची होती. फुटपाथवर आम्ही दोघंच उभे होतो आणि आता मध्ये यायला चहाही नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "बैठक झाली त्याच दुपारी, कँटीनमध्ये. मोजा नव्हता म्हणून तुम्ही रुमाल गुंडाळला होता."

"कोणी सांगितलं?"

"कँटीनवाल्याने. रोज काय संपतं आणि काय उरतं ते मी त्याला विचारत असे. त्या दिवशी त्याने हेही सांगितलं."

"मग मला बोलावून झापलं का नाहीत?"

"झापणार होतो. पण दोन दिवसांत इथल्याच गोदामांतून फोन येऊ लागले. हसत हसत विचारायचे, आमच्या काडेपेट्या कुठे आहेत. माझं परिपत्रक कोणी उघडलंही नव्हतं. परिपत्रक कोण वाचतो? तुमची टवाळी सगळ्यांना तोंडपाठ होती." साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणून तुम्हाला बोलायला माणसं कमी पडू नयेत एवढं मी बघितलं. ट्रकच्या ड्रायव्हरांची जेवणाची वेळ तुमच्या वेळेला आणली."

मी म्हटलं, "पण साहेब, त्या नावामुळे तुमची वरची जागा गेली म्हणतात."

"गेली असेल," ते म्हणाले. "तो हवालदार होता ना मघाशी, त्याला मी आत्ता विचारून घेतलं. अकराच्या अकरा खाली आले."

गाडी आली. बसता बसता त्यांनी ती काडेपेटी माझ्या हातात ठेवली. "मंडळाच्या समईजवळ ठेवा. पुढच्या वर्षी लागेल." गाडी वळून नदीच्या दिशेने गेली.

मी काडेपेटी घेऊन तिथेच उभा होतो. पंचवीस वर्षं मी समजत होतो की मी साहेबांना वापरून लोकांना हसवलं. आणि मग जेवणाच्या वेळा बदलण्याचा तो हुकूम मला आठवला. तो मीच टाईप केला होता, तीन प्रती काढल्या होत्या आणि सहीसाठी साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला होता.